अँसिबल आणि गिट: कारखान्याच्या सर्व्हरवर काही महिने वापरल्यानंतर

चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या आयटी विभागात मी काम करते. ईआरपी (कंपनीचं खरेदी, उत्पादन, हिशोब सांभाळणारं सॉफ्टवेअर), बिलिंग, बारकोड, डेटाबेस, गेटवरच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर असा पसारा आहे आणि त्यातलं एक हललं की दुसरं अडतं. सकाळी डिस्पॅचमधून फोन येतो, "मॅडम, गाडी गेटवर उभी आहे, ई-वे बिल निघत नाहीये. रात्री काही बदललंत का?" या प्रश्नाला खात्रीचं उत्तर देता यावं, एवढ्यासाठी आम्ही गेल्या पावसाळ्याआधी अँसिबल (लिहून ठेवलेल्या सेटिंग सर्व्हरवर आपोआप लागू करणारं साधन) आणि गिट (फाइलमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन) वापरायला घेतलं.

चेंजचा फॉर्म, मॅनेजरची मंजुरी, एक्सेलमधली नोंद हे सगळं आधीही होतं. पण फॉर्ममध्ये काय करणार ते लिहिलेलं असतं, सर्व्हरवर प्रत्यक्षात काय झालं ते नसतं. आता सेटिंग आधी गिटमध्ये बदलतं, दुसरा कोणीतरी ते वाचून मान्य करतो आणि मग अँसिबल ते सर्व्हरवर नेतं. अँसिबल २०१२ मध्ये मायकेल डीहान यांनी सुरू केलं, २०१५ मध्ये रेड हॅटने ते विकत घेतलं, मूळ साधन मुक्तस्रोतच आहे. आम्हाला ते पटलं ते मुख्यतः एका कारणाने: सर्व्हरवर वेगळा एजंट, म्हणजे अँसिबलचा स्वतःचा प्रोग्राम, बसवावा लागत नाही. लिनक्सला एसएसएच (सर्व्हरला दुरून जोडण्याची सोय) आणि पायथन पुरतं, विंडोजला विनआरएम (विंडोजची तशीच सोय). शॉपफ्लोरवरच्या मशिनशी जोडलेल्या सर्व्हरवर नवीन काही टाकू द्यायला व्हेंडर सहसा तयार नसतात, तिथे हे फार उपयोगी पडलं.

सुरुवात घड्याळापासून केली. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सर्व्हरची वेळ एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळलेली असावी लागते आणि लॉग (सर्व्हरवरच्या घडामोडींच्या नोंदी) १८० दिवस जपावे लागतात. दोन्ही गोष्टी प्रत्येक सर्व्हरवर सारख्याच हव्यात, बिघडण्याचा धोका कमी, आणि ऑडिटरला दाखवायला लगेच पुरावा. सगळ्या मशिनची वेळ जुळल्यावर लॉग शेजारी शेजारी ठेवून वाचता येतात, हा फायदा तर पहिल्याच आठवड्यात दिसला.

पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो चेक मोड. रोज रात्री आम्ही अँसिबल काहीही न बदलता फक्त चालवतो. गिटमध्ये जे लिहिलंय आणि सर्व्हरवर जे आहे त्यातला फरक ते ओळीनिशी दाखवतं, आणि तो फरक सकाळी आमच्या मेलवर असतो. एकदा त्यात पोस्टग्रेस या डेटाबेसच्या शेअर्ड बफर्सची (डेटाबेसने किती मेमरी राखून ठेवायची त्या सेटिंगची) ओळ दिसली. एका व्हेंडरच्या इंजिनिअरने रिपोर्ट वेगात चालावा म्हणून तो आकडा सर्व्हरच्या एकूण मेमरीपेक्षाही मोठा करून ठेवला होता. ही सेटिंग डेटाबेस पुन्हा सुरू केल्याशिवाय लागू होत नाही, त्यामुळे त्या दिवशी सगळं सुरळीत चाललं होतं. पुढच्या गुरुवारी पॅच टाकून रीस्टार्ट केला असता तर डेटाबेस उठलाच नसता आणि आम्ही सगळे पॅचलाच दोष देत बसलो असतो. असे निजलेले बदल हाच माझ्या मते आमच्या कामातला खरा धोका, आणि ते शोधायला माणसाची आठवण पुरत नाही.

अशा वेळी दोनच वाटा ठेवल्या आहेत: बदल योग्य असेल तर तो गिटमध्ये घ्यायचा, नसेल तर मागे फिरवायचा. "कोणी केलं?" हा प्रश्न मेलमध्ये विचारायचा नाही असं आमच्या साहेबांनी ठरवून दिलंय. त्यामुळे जुने सहकारीही हाताने केलेला तातडीचा बदल आता आपणहून सांगतात.

पुणे परिसरातल्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, म्हणून आमची चेंज विंडोही (बदल करण्याची ठरलेली वेळ) गुरुवारीच. बदल एकदम सगळीकडे न नेता टप्प्याटप्प्याने नेतो, आधी एक सर्व्हर, मग बाकीचे, आणि शेवटी सगळे सारखे झाले का ते तपासतो. हा शेवटचा टप्पा कोणी गाळू नये. १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीच्या आठ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड पोहोचला नव्हता. तिथला जुना कोड जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं.

आता खटकणाऱ्या गोष्टी. प्लेबुकमधून (अँसिबलने काय करायचं ते लिहिलेल्या फाइलमधून) एखादी ओळ काढली म्हणजे ती गोष्ट सर्व्हरवरून जात नाही. ती नको आहे असं वेगळं लिहून एकदा चालवावं लागतं. नव्या माणसाला हे पहिल्याच दिवशी सांगा. शेल किंवा कमांड मॉड्यूलने, म्हणजे थेट सर्व्हरला कमांड देऊन, लिहिलेली कामं चेक मोड गाळतो, म्हणजे तितका भाग रात्रीच्या मेलमध्ये दिसतच नाही. आम्ही असे टास्क जमतील तितके काढून टाकले. एका वेळी पाचच सर्व्हर घेण्याची मूळ सेटिंग आहे, ती वाढवली नाही तर रात्रीची फेरी लांबत जाते. विंडोजवर चालतं, पण लिनक्सइतकं सहज नाही. पासवर्ड व्हॉल्टमध्ये कुलूपबंद राहतात, मात्र त्या व्हॉल्टची किल्ली कोणाकडे, हे आधी ठरवावं लागतं.

आणि ईआरपीच्या आतल्या सेटिंग, म्हणजे कराचे कोड, मंजुरीच्या पायऱ्या, कोणाला काय दिसावं, हे यात येत नाही. ते बदल डेटाबेसमध्ये बसतात आणि त्यासाठी ईआरपीचीच डेव्हलपमेंट, टेस्ट, प्रॉडक्शन ही साखळी पाळावी लागते. आम्ही त्या बदलाचा क्रमांक गिटमधल्या नोंदीत लिहितो, म्हणजे एका गुरुवारी दोन्हीकडे काय झालं ते एका जागी वाचता येतं.

चार-पाचच सर्व्हर असतील आणि ते एकच माणूस सांभाळत असेल, तर नुसतं गिट घ्या आणि सेटिंगच्या फाइल त्यात ठेवा. पाळ्या बदलतात, व्हेंडर ये-जा करतात, माणसं नोकरी सोडून हिंजवडीला जातात, अशा ठिकाणी मात्र अँसिबल घ्याच. आमच्याकडे नेटवर्कचे स्विच आणि फायरवॉल अजून अँसिबलच्या बाहेर आहेत, ते दिवाळीनंतर घेणार आहोत. दसरा-दिवाळीच्या मागणीच्या दिवसांत प्रॉडक्शनवर आम्ही काहीच बदलत नाही, रात्रीचा चेक मात्र तेव्हाही चालू असतो.