रॉडिनाल म्हणून रंगीत पाणी गळ्यात मारलं, ५,३३० रुपये आणि जोतिबाचे दोन रोल गेले

आठ दिवस झाले तरी डोकं शांत होत नाही म्हणून लिहितोय. कोल्हापुरात घरी कॅमेऱ्याचे ब्लॅक अँड व्हाइट फिल्म रोल धुणारे आपण मोजकेच, निदान त्यांनी तरी सावध व्हावं.

मी महिन्याला एखाद-दुसरा रोल धुतो. डी-७६ हे डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर फोटो उमटवणारं रसायन, त्याची पावडर एकदा कालवली की सहा महिन्यांत संपवावी लागते, माझं अर्धं ओतूनच द्यावं लागायचं. म्हणून यावेळी रॉडिनाल घ्यायचं ठरवलं, १८९१ पासून चालत आलेलं डेव्हलपर, बाटली उघडली तरी वर्षानुवर्षं टिकतं, एका रोलला पाच-सहा मिली पुरतं. निवड चुकीची नव्हती, आजही तेच म्हणेन.

ऑनलाइन एकानं '५०० मिली, सीलबंद, इम्पोर्टेड' म्हणून फोटो टाकलेला. २,३५० बाटलीचे, १८० कुरिअरचे, आणि पैसे गेल्यावर दोन दिवसांनी 'कस्टमचे राहिलेत भाऊ' म्हणून आणखी ९००. एकूण ३,४३०. क्यूआर स्कॅन केल्यावर नाव भलतंच आलं, विचारलं तर म्हणे मेहुण्याचं खातं आहे. तिथंच थांबायला पाहिजे होतं. नाव जुळत नसेल तर एक रुपया पाठवू नका.

बाटली आली तर झाकणाला सीलच्या जागी सेलोटेप, आत चहासारखं तपकिरी. मी फोन केला, तो म्हणाला रॉडिनाल असंच काळपट होतं, काम करतं. आता हे खरंच आहे हो! डी-७६ तपकिरी झालं की कुणीही फेकून देईल, पण रॉडिनाल काळं पडलं तरी चालतं हे मी स्वतः दहा ठिकाणी वाचलेलं, म्हणून गप्प बसलो. मला अक्कल नव्हती असं नाही, मला जे माहीत होतं त्याचाच त्यानं फायदा घेतला.

आणि इथंच मी चुकलो. धुण्याच्या टँकमध्ये, म्हणजे बंद डब्यात, रोल लोड करताना कापलेलं फिल्मचं टोक समोर टेबलावर पडलेलं. ते उजेडातच डेव्हलपरमध्ये बुडवलं की काही मिनिटांत काळं व्हायला पाहिजे, फुकटची टेस्ट आहे, दरवेळी करतो. त्या दिवशी पाणी बर्फानं २० डिग्रीवर आणून ठेवलेलं, एप्रिलमधलं कोल्हापूर, परत तापेल म्हणून घाई केली. बाटलीतलं १२ मिली घेऊन पाणी घालून ६०० मिली केलं आणि दोन्ही रोल एकाच टँकमध्ये. ११ मिनिटं हलवत बसलो. फिक्स करून, म्हणजे उमटलेलं पक्कं करून, उघडलं तर दोन्ही फिल्म काचेसारख्या कोऱ्या. फिल्मच्या कडेला कंपनीनंच टाकलेले नंबरसुद्धा नाहीत! फ्रेम कोऱ्या पण कडेचे नंबर असले तर कॅमेऱ्यात घोळ असतो, नंबरच नाहीत म्हणजे डेव्हलपर मेलेलं.

चैत्र यात्रेचे रोल होते ते. गुलालात न्हालेल्या सासनकाठ्या, आणि आत्या पायऱ्यांवर बसलेली, ती आता डोंगर चढणार नाही. ९५० चे दोन रोल, १,९०० धरले, पण त्या फोटोंची किंमत कुठं लावू?

माझीच चूक असेल म्हणून मग ते टोक तपासलं. त्या पाण्यात पंधरा मिनिटं, काही नाही. इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा आणि व्हिटॅमिन सी कालवून त्याच फिल्मचा तुकडा टाकला, काळाकुट्ट! कॉफीनं जमतं ते ३,४३० च्या बाटलीनं जमलं नाही.

पोलीस ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न, 'हे औषध कशाचं?' समजावता समजावता पाऊण तास. मग म्हणे वस्तू मिळाली ना, मग फसवणूक कसली, ग्राहक मंचात जावा. दुसऱ्या दिवशी साहेब नाहीत, तिसऱ्या दिवशी बाटलीची लॅब टेस्ट आणा म्हणाले, कुठली लॅब ते सांगेना कुणी. बँकेत म्हणे पिन तुम्हीच टाकलाय. अरे मग चोरानं येऊन टाकायचा का? साडेतीन हजारांसाठी एवढं कशाला, असं तोंडावर बोलले, रक्कम लहान म्हणून चोर लहान होतो काय? तुम्ही माझ्यासारखे चार दिवस घालवू नका, पैसे गेल्याचं कळल्या कळल्या १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा, चॅट डिलीट करू नका. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा, माझ्याकडं तोच नाही.

काल तोच फोटो परत दिसला, वेगळ्या नावानं, २,१०० ला. बाटलीच्या मागं निळी फरशी आणि लेबलचा उजवा कोपरा फाटलेला. दिसला तर घेऊ नका.