मे महिन्यात स्वेटर घालणारा कारागीर

नागपुरात कुणी 'मी स्वतः हाताने क्लासिकल गिटार बनवतो' असं सांगून ऑर्डर घेत असेल आणि अर्धे पैसे आधी मागत असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. असं म्हणणारे सगळेच ठग असतात असं नाही. लाकडाच्या फळीपासून वाद्य उभं करणारे कारागीर आपल्याकडेही आहेत आणि त्यांनी मागितलेली किंमत रास्तच असते. मला भेटला तो त्यांच्यातला नव्हता. प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगात असल्यामुळे त्याचं नाव इथे लिहीत नाही.

मला नायलॉनच्या तारांची, ६५० मिलिमीटर स्केलची (म्हणजे तारेची वाजणारी लांबी तेवढी), पुरी क्लासिकल गिटार हवी होती. सीताबर्डीतल्या दुकानांत मी पाहिल्या त्या बहुतेक स्टीलच्या तारांच्या निघाल्या. ओळखीतून या माणसाचा नंबर मिळाला. धरमपेठेत चहावर भेटलो आणि गडी तासभर बोलत राहिला. स्पेनच्या आंतोनियो दे तोर्रेसने एकोणिसाव्या शतकात आजच्या क्लासिकल गिटारचा साचा कसा पक्का केला, वरच्या फळीखाली पंख्यासारख्या सात पट्ट्या का लावतात, स्प्रूसची, म्हणजे थंड प्रदेशातल्या एका सूचिपर्णी झाडाची, फळी रंधून अडीच मिलिमीटरच्या आत आणावी लागते आणि तरीही तिने तारांचा चाळीसेक किलोचा ताण सोसायचा असतो... सगळं तोंडपाठ. मी नंतर पुस्तकांतून ताडून पाहिलं. एकही गोष्ट चुकीची नव्हती. फसवणुकीची खरी गंमत हीच आहे: माहिती सगळी खरी होती, गिटार तेवढी खोटी.

साठ हजार ठरले, तीस आधी. मागची-बाजूची फळी शिसवीची. 'आणखी वीस दिले तर ब्राझिलियन रोझवूड टाकतो,' म्हणाला. ते मी नाकारलं, कारण त्या झाडाचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९२ पासून जवळपास बंद आहे. कागदपत्रांशिवाय त्याचा तुकडाही सीमा ओलांडू शकत नाही. जगभरचे कारागीर त्याऐवजी आपल्या दक्षिणेतलं शिसव वापरतात, तेच मलाही पुरेसं होतं. पॉलिश चपड्याचं, म्हणजे लाखेचं, कापसाच्या बोळ्याने थरावर थर देऊन. वर्कशॉप बघू द्या म्हटलं तर लकडगंजातली एक खोली दाखवली: भिंतीला टेकवलेल्या चार फळ्या, एक साचा, दोन शिकंजे. 'काम दुसरीकडे चालतं दादा, तिथे कोणालाच येऊ देत नाही. पॉलिशवर धूळ बसते ना.'

मग व्हॉट्सॲपवर फोटो सुरू झाले. वाफेवर वाकवलेल्या बाजू, साच्यात बसलेलं अंग, पट्ट्या चिकटवताना लावलेल्या क्लॅम्पांची रांग. सोबत एकच पालुपद: 'टेन्शन नका घेऊ दादा, बनून राहिली तुमची गिटार.' दसऱ्याच्या सुमारास गिटार आली. आत त्याच्या नावाचं सुरेख लेबल, सही, क्रमांक. आवाज बरा होता. सूरही नेमके लागत होते, पण त्यावरून काही सिद्ध होत नाही. बारावा फ्रेट, म्हणजे गळ्यावरची बारावी आडवी धातूची पट्टी, ३२५ मिलिमीटरवर, तारेच्या बरोबर मध्यावर पाडणं कारखान्यातल्या यंत्राला अजिबात जड नाही.

जाताना बजावून गेला, 'उन्हाळ्यात जपा हिला.' हेही खरंच. अखंड लाकडाची गिटार साधारण ४५ ते ५० टक्के आर्द्रतेत घडवतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात दुपारची आर्द्रता वीसच्याही खाली जाते. फळी आक्रसते, खाली बसते, फ्रेटची टोकं गळ्याबाहेर येऊन बोटाला लागतात, कधी सरळ चीर जाते. म्हणून साबणाच्या डबीला भोकं पाडून, त्यात ओला स्पंज ठेवून मी ती गिटारच्या पेटीत ठेवायचो. आईने विचारलंही, 'गिटारीला कूलर लावला का रे?' मध्ये आम्ही लग्नाला बाहेरगावी गेलो, स्पंज पार कडक झाला, घर भट्टीसारखं तापलं होतं. परत येऊन पाहतो तर गिटारला ढिम्म काही झालं नव्हतं. आधी बरं वाटलं. पण अखंड लाकूड इतकं निर्विकार राहत नाही, हे त्याच्याच तोंडून ऐकलेलं होतं.

तारा बदलायच्या होत्याच. सगळ्या काढल्या आणि आमच्या घरचं फर्निचर केलेल्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी गिटार आयुष्यात हातात धरली नसेल, पण लाकूड त्यांना कळतं. टॉर्च लावून ते मधल्या गोल भोकाच्या कडेवर वाकले. अखंड फळी असेल तर वरच्या उभ्या रेघा कडेवरून तशाच खाली उतरलेल्या दिसतात. इथे कडेला काळसर रंग फासलेला होता. काकांनी नखाने तो जरा खरवडला आणि खाली तीन थर दिसले: वरचा कागदाइतका पातळ, मधला आडव्या रेषांचा, खालचा पुन्हा उभा. 'हे त प्लाय आहे ना बाबू. वरून विनिअर मारलं.' मग आतून मागची फळी पाहिली. बाहेर शिसवीच्या गडद लाटा आणि आत पांढुरकं, बिनओळीचं लाकूड. अखंड फळीत बाहेरची रेघ आतही सापडायला हवी. भोकातून हातआरसा आत सरकवला, तर वरच्या फळीखाली सातऐवजी तीनच जाड पट्ट्या. लेबलचा कोपरा सुटला होता. त्याच्याखाली दुसऱ्या, छापील लेबलचा फाटका तुकडा चिकटलेला होता. शेवटी काकांनी गळ्याच्या मागे, टाचेजवळच्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा टेकवला. चपडा असता तर स्पिरिटने चिकट झाला असता. इथे काचेवर पाणी पुसावं तसं झालं.

त्या रात्री सगळे फोटो पुन्हा उघडले. मागच्या फळीच्या फोटोत मधोमध फिकट पट्टा आहे, माझ्या गिटारवर तो नाही. लाकडाच्या रेघा फळीगणिक वेगळ्या असतात, पॉलिशने त्या बदलत नाहीत. आणि मे महिन्यातल्या तारखेला आलेला एक फोटो: पट्टीवर क्लॅम्प आवळणारा हात, मनगटापर्यंत जाड लोकरी स्वेटरची बाही. नागपुरात ४५ अंश आणि हे महाशय स्वेटर घालून काम करताहेत! तो फोटो गूगलच्या इमेज सर्चमध्ये टाकला तर परदेशातल्या एका कारागिराच्या पानावर निघाला.

जाब विचारला तेव्हा त्याने जे उत्तर दिलं त्याला तोड नाही. म्हणाला, 'तोर्रेसने तर १८६२ मध्ये पुठ्ठ्याची गिटार केली होती. मागच्या-बाजूच्या लाकडाने काय फरक पडतो?' गोष्ट खरी आहे, ती गिटार बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे. पण तोर्रेसने पुठ्ठा फक्त मागे आणि बाजूंना वापरला, वरची फळी अस्सल स्प्रूसची ठेवली, कारण आवाज तिथून येतो हेच त्याला दाखवायचं होतं. या पठ्ठ्याने तीच प्लायची दिली. हे ऐकवल्यावर फोन बंद.

प्लायची गिटार वाईट असते असं मी म्हणत नाही. शिकणाऱ्यासाठी आणि आपल्या हवेसाठी ती उलट बरी. पण या तोडीची गिटार दुकानात दहा-बारा हजारांत मिळते.

बिलावर त्याने फक्त 'गिटार – १ नग' लिहिलं होतं. ना लाकडाचा उल्लेख, ना हाताने बनवल्याचा. सुदैवाने शिसव, स्प्रूस, चपडा हे सगळं त्याच्याच चॅटमध्ये लेखी आहे, आणि तक्रार त्यावरच उभी आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, विक्रेता कुठलाही असो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची. आधी विचारपूस करायची असेल तर १९१५ हा हेल्पलाइन नंबर आहे. नोटीस गेल्यावर त्याने दहा हजार परत करतो असा निरोप पाठवला. मी घेतले नाहीत. गिटार तशीच, तारांशिवाय ठेवली आहे. खरवडलेली कड आणि दोन्ही लेबलं हा पुरावा आहे, म्हणून विकलीही नाही आणि दुरुस्तही केली नाही.

कुणाचे पैसे अशा ऑर्डरीत अडकले असतील तर 'फोटो पाठवा' म्हणू नका. अंग बंद करायच्या आधी, म्हणजे मागची फळी चिकटवण्याआधी, मला यायचंय म्हणून सांगा. तिथे जाऊन वरच्या फळीला आतून पेन्सिलने स्वतःची सही करा आणि गिटार घरी आली की आरशात ती शोधा. खरा कारागीर याला नाही म्हणणार नाही, तो स्वतःही बरेचदा तिथे सही करतो. 'धूळ बसते' असं उत्तर आलं, तर उरलेले पैसे देऊ नका आणि दिलेल्या पैशांची लेखी मागणी त्याच दिवशी करा.