जेवणानंतरचे चालणे आणि रक्तातील साखर : जवळजवळ वर्षभराचा अनुभव

मधुमेहाच्या रुग्णाला 'रोज चालत जा' हा सल्ला हमखास मिळतो, परंतु केव्हा चालावे, किती वेगाने चालावे आणि त्याचा परिणाम कसा पडताळून पाहावा, याविषयी फारसे कोणी बोलत नाही. मला टाईप २ मधुमेह होऊन काही वर्षे झाली आहेत. मी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या घेतो आणि दिवसाचा मोठा भाग खुर्चीत बसून काम करण्यात जातो. जवळजवळ वर्षभर मी ग्लुकोमीटर (घरच्या घरी रक्तातील साखर मोजण्याचे यंत्र) हाताशी ठेवून नियमित चालत आहे. या काळात माझे जे मत तयार झाले ते आधीच सांगतो: चालण्याचा मधुमेहावर निश्चित उपयोग होतो, मात्र तो किती होईल हे आपण किती चाललो यापेक्षाही जेवणानंतर किती वेळाने चाललो यावर अधिक ठरते.

सुरुवातीला मी सर्वांप्रमाणे सकाळी उपाशीपोटी अर्धा-पाऊण तास चालत असे. त्याने दिवसभर ताजेतवाने वाटे, झोप सुधारली, रक्तदाबही थोडा उतरला. साखरेचे आकडे मात्र फारसे हलत नव्हते, आणि काही वेळा तर चालून आल्यावरची साखर चालण्यापूर्वीच्या साखरेहून किंचित जास्त दिसे. यात चमत्कारिक काही नाही. पहाटेच्या सुमारास कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हॉर्मोन यांच्या प्रभावाखाली यकृत रक्तात ग्लुकोज सोडत असते, आणि आपण फार जोरात चाललो तर ॲड्रेनॅलिनमुळे त्यात आणखी भर पडू शकते. माझी खरी अडचण जेवणानंतरच्या साखरेची होती, आणि सकाळच्या चालण्याने रात्रीच्या जेवणानंतरच्या उसळीला फारसा लगाम बसत नव्हता.

पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने मी तेच चालणे तीन भागांत विभागले आणि प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा ते वीस मिनिटे चालू लागलो. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमकी हीच तुलना होती. टाईप २ मधुमेहाच्या ४१ रुग्णांना काही काळ दिवसातून कधीही सलग ३० मिनिटे आणि काही काळ प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटे चालायला सांगण्यात आले. एकूण वेळ सारखाच असूनही जेवणानंतर चालण्याच्या काळात जेवणोत्तर साखरेची पातळी सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली, आणि संध्याकाळच्या जेवणानंतरचा फरक २२ टक्क्यांपर्यंत गेला. माझ्या मीटरनेही मला हेच दाखवले.

एका संध्याकाळचे उदाहरण देतो, कारण असे पुढेही वारंवार आढळले. जेवणाआधी साखर १३० च्या आसपास होती (येथले सर्व आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये). नेहमीचेच जेवण करून बसून राहिलो की दोन तासांनी आकडा २१० ते २२० च्या घरात जात असे. त्या संध्याकाळी तेवढेच जेवण करून, ताटावरून उठल्यावर साधारण वीस मिनिटांनी चालायला निघालो आणि मध्यम गतीने वीस मिनिटे चाललो. दोन तासांनी हात धुऊन, कोरडे करून, बोटाच्या कडेला लॅन्सेट (बारीक सुई) टोचून रक्त घेतले तेव्हा मीटरवर १७४ दिसले. येथे एक खुलासा आवश्यक आहे. ग्लुकोमीटरसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० च्या वरच्या वाचनात १५ टक्क्यांपर्यंतची तफावत मान्य असते, त्यामुळे पाच-दहा अंकांच्या फरकाला मी काहीच किंमत देत नाही आणि एकट्यादुकट्या वाचनावरून निष्कर्षही काढत नाही. परंतु असाच ३०-४० अंकांचा फरक त्याच जेवणाच्या बाबतीत पुन्हा पुन्हा दिसू लागला, तेव्हा तो मीटरचा खेळ नाही याची खात्री पटली.

असे का होते हे समजल्यापासून माझा चालण्यातला उत्साह वाढला आहे, म्हणून तेही लिहितो. चालताना मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू सतत आकुंचन पावतात. या आकुंचनामुळे स्नायूपेशीच्या आत असलेले ग्लुट-४ नावाचे वाहक प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर येते आणि त्याच्या वाटे रक्तातले ग्लुकोज पेशीत शिरते. आपण स्वस्थ बसलेले असताना हेच काम इन्सुलिनच्या इशाऱ्यावर होते, आणि टाईप २ मधुमेहात पेशी त्या इशाऱ्याला नीट दाद देत नाहीत. आकुंचनाचा मार्ग मात्र इन्सुलिनवर अवलंबून नसतो. मधुमेहात जेवणानंतरची साखर बहुधा तास-दीड तासाने सर्वाधिक होते. त्याआधीच स्नायू कामाला लागले तर रक्तात उतरणारे ग्लुकोज तेथे साचून राहण्यापूर्वीच वापरले जाते. दोन तास उलटून गेल्यावर चालल्यानेही साखर उतरते, पण तोवर ती जेवढी चढायची तेवढी चढून गेलेली असते.

शतपावली म्हणून घरातल्या घरात घातलेल्या चार फेऱ्यांचा मला वेगळा असा परिणाम दिसला नाही. जेवणानंतर मला सलग दहा मिनिटे तरी चालावे लागते. जेवल्याबरोबर वेगाने चालल्यास पोटात जड वाटते आणि काहींना छातीत जळजळ होते, म्हणून पहिली काही मिनिटे संथ आणि मग मध्यम गती, हा क्रम मला मानवला. ज्यांना हृदयविकार आहे किंवा चालताना छातीत दाटून येते, त्यांनी जेवणानंतर चालण्याविषयी डॉक्टरांशी आधी बोलणे आवश्यक आहे. मधुमेहात हृदयाच्या रक्तपुरवठ्यातील अडथळा काही वेळा वेदनेविना असतो, त्यामुळे केवळ धाप लागणे किंवा अकारण थकवा येणे हेही लक्षण समजावे.

एचबीए१सी ही रक्ततपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी पातळी टक्क्यांत सांगते, म्हणून तिच्या निकालासाठी धीर धरावा लागतो. माझा आकडा ७.९ वरून सहा महिन्यांत ७.१ वर आला आणि त्यानंतर तेथेच टिकला आहे. वजन मात्र या काळात जेमतेम दीड किलोने उतरले, आणि वजनकाट्याकडे पाहून चालणे सोडून देणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगतो. व्यायामाच्या अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात व्यायाम करणाऱ्यांचे एचबीए१सी इतरांपेक्षा ०.६६ अंकाने कमी आढळले होते, पण वजनात उल्लेखनीय फरक नव्हता. वजन न घटताही साखर सुधारू शकते, ही गोष्ट रुग्णांना निदानाच्या दिवशीच सांगितली गेली पाहिजे असे मला मनापासून वाटते.

आता जोखमीची बाजू. चालणे निरुपद्रवी आहे हे विधान औषध कोणते चालू आहे यावर अवलंबून असते. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची साखर चालण्याने धोकादायक पातळीपर्यंत उतरणे दुर्मीळ आहे. परंतु इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या सल्फोनिलयुरिया गटातील (शरीराला अधिक इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या) गोळ्या घेणाऱ्यांना ती भीती असते. जेवणानंतरचे चालणे अंगवळणी पडल्यावर चौथ्या महिन्याच्या सुमारास, संध्याकाळच्या जेवणाआधी नेहमीपेक्षा लांब चालत असताना मला अचानक थंड घाम फुटला, हातांना कापरे भरले आणि सोबत असलेल्या मित्राशी बोलताना शब्द सुचेनासा झाला. खिशातल्या मीटरने ६२ दाखवले. ७० च्या खाली साखर गेली की १५ ग्रॅम जलद शोषली जाणारी साखर घ्यावी, १५ मिनिटे थांबून पुन्हा तपासावे आणि आकडा वर आला नसेल तर तेच पुन्हा करावे, हा नियम मला ठाऊक होता. ग्लुकोजच्या गोळ्या घेऊन बसून राहिलो. पंधरा मिनिटांनी वाचन ८८ आले, आणि मग काही खाऊन सावकाश घरी आलो. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइडची मात्रा निम्मी केली आणि तेव्हापासून असा प्रसंग आलेला नाही. म्हणजे चालण्याचा परिणाम होऊ लागला की औषधाचा फेरविचार करावा लागतो, आणि तो डॉक्टरांनीच करायचा असतो. अशा वेळी चॉकलेट उपयोगी पडत नाही, कारण त्यातील स्निग्धांशामुळे साखरेचे शोषण मंदावते. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांना कापरे आणि धडधड जाणवेलच असे नाही, त्यांनी घामाकडे लक्ष ठेवावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी चालण्याआधी मांडीत इंजेक्शन घेणे टाळावे, कारण हालणाऱ्या स्नायूजवळून ते लवकर शोषले जाते. लांब चालण्यानंतर काही तासांनी, अगदी झोपेतही, साखर उतरू शकते हेही ध्यानात असावे.

पायांविषयी मी थोडे विस्ताराने लिहिणार आहे, कारण चालण्याचा सारा भार ज्यांच्यावर आहे त्यांचीच मधुमेहात सर्वाधिक हेळसांड होते. मज्जातंतूंवर परिणाम झाला की बधिर पायाला टोचलेले, घासलेले कळत नाही, आणि लहानशी फोडही चिघळू शकते. मी रोज रात्री तळपाय, टाचा आणि बोटांमधल्या बेचक्या उजेडात पाहतो. तळपाय नीट दिसावा म्हणून जमिनीवर आरसा ठेवतो. एकदा करंगळीच्या बाहेरच्या बाजूला तांबूस, लांबट वळ दिसला. चालताना काहीच दुखले नव्हते. मोजा उलटा करून पाहिला तेव्हा आतली जाड शिवण नेमकी तेथेच येत होती. तेव्हापासून बिनशिवणीचे, फिक्या रंगाचे मोजे वापरतो. फिक्या रंगावर रक्ताचा किंवा पाण्याचा डाग लगेच दिसतो. बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. सर्वांत लांब बोटाच्या पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे आणि चवड्याशी बूट आवळता कामा नये. नवे बूट पहिले काही दिवस थोडा थोडा वेळच घालावेत, आणि घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी आत हात फिरवून खडा किंवा सुटलेला धागा नाही ना हे पाहावे. टाचांच्या भेगांना मलम लावावे, बोटांच्या बेचक्यांत मात्र नाही, कारण तेथला ओलावा बुरशीला पोषक ठरतो. कुरूप किंवा घट्टे ब्लेडने स्वतः कापू नयेत. चालताना पोटरीत ठरावीक अंतरावर कळ येते आणि थांबताच जाते असे वारंवार घडत असेल, तर पायाच्या रक्तवाहिन्या तपासून घ्याव्यात.

वेगाबद्दल फारसे गुंतागुंतीचे काही नाही. चालताना बोलता यावे पण गाता येऊ नये, एवढी गती मध्यम समजावी. यापुढे जाण्याची तयारी असेल त्यांनी तीन मिनिटे झपाझप आणि तीन मिनिटे सावकाश हा आलटून-पालटून प्रकार करून पाहावा. २०१३ मध्ये डेन्मार्कमधून प्रसिद्ध झालेल्या एका लहान चाचणीत, आठवड्यातून पाच वेळा, दर वेळी एक तास, असे चार महिने चालल्यावर या पद्धतीने साखरेचे नियंत्रण सुधारले होते, तर तेवढीच ऊर्जा खर्च करून एकसारख्या गतीने चालणाऱ्यांत ती सुधारणा दिसली नव्हती. मी दुपारच्या चालण्यात हे करतो. रात्री जोरात चालल्यास मला झोप उशिरा लागते. दहा हजार पावलांचा आग्रह मी धरत नाही. तो आकडा १९६५ मध्ये जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राबरोबर रूढ झाला, मधुमेहाच्या कोणत्या चाचणीतून नव्हे.

खंडाच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. चालण्याने इन्सुलिनला मिळणारा पेशींचा प्रतिसाद सुधारतो, तो काही तासांपासून फार तर तीन दिवस टिकतो. म्हणूनच आठवड्याला किमान १५० मिनिटे आणि सलग दोन दिवसांपेक्षा अधिक खंड नको, अशी शिफारस केली जाते. आजारपणामुळे आठवडाभर चालणे थांबले तेव्हा जेवणानंतरचे आकडे तीन-चार दिवसांतच पूर्वपदावर गेले. बाहेर पडणे शक्य नसेल तेव्हा मी घरातच एका जागी पावले टाकतो किंवा जिने चढतो-उतरतो. बसून काम करताना दर अर्ध्या तासाने उठून दोन-तीन मिनिटे हालचाल करण्याचाही फायदा होतो.

चालण्याने जे साधत नाही तेही नोंदवतो. उपाशीपोटीच्या साखरेत माझ्या बाबतीत किरकोळ सुधारणा झाली, आणि हाता-खांद्यांच्या स्नायूंना चालण्याचा काहीच लाभ मिळत नाही. वय वाढते तसे स्नायू घटतात, आणि ग्लुकोज वापरणारी मुख्य जागाच कमी होते. चालणे आणि वजन उचलण्यासारखे व्यायाम एकत्र केल्यास एचबीए१सी दोहोंपैकी एकट्यापेक्षा अधिक उतरते, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कॅनेडियन चाचणीत दिसले आहे. त्यामुळे गेल्या महिन्यापासून मी आठवड्यातून दोनदा रबरी पट्ट्यांचे व्यायाम आणि खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठण्या-बसण्याचा सराव सुरू केला आहे. त्याआधी डॉक्टरांनी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायला सांगितले, कारण पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या वाढलेल्या असतील तर जोर लावण्याचे व्यायाम वर्ज्य असतात. माझी तपासणी निर्दोष आली. या नव्या भरीचा परिणाम कळायला पुढच्या एचबीए१सीपर्यंत थांबावे लागेल. तोवर जेवणानंतरच्या तिन्ही वेळांच्या चालण्यात मी काहीही बदल करणार नाही.