ट्रिपलेट भिंग, १० पट: बीचवरचे रोव्ह बीटल ओळखायला घेतलं, सात महिने वापरून झालं

आधी सांगते की हे भिंग मी दागिने किंवा नाणी बघायला घेतलेलं नाही, मी कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे बेजवळ राहते आणि गेली दोन वर्षं इथल्या बीचवर वाहून आलेल्या केल्पखाली (केल्प म्हणजे मोठं समुद्री शेवाळ) जे रोव्ह बीटल सापडतात ते ओळखायचा नाद लागलाय, त्यामुळे रिव्ह्यू त्याच अंगाने आहे.

रोव्ह बीटल म्हणजे कोणते ते आपल्याकडच्या लोकांना पटकन कळावं म्हणून, पावसाळ्यात ट्यूबलाइटवर येणारा तो लालसर-काळा बारीक किडा, अंगावर चिरडला की फोड येतात, तो पीडेरस याच कुटुंबातला. (तो चावत नाही, त्याच्या अंगातल्या द्रवाने फोड येतात, म्हणून चिरडू नका, फुंकर मारून उडवा.) समुद्रावरचे मात्र त्रास देत नाहीत. या कुटुंबात ६० हजारांहून जास्त जाती आहेत आणि सगळ्यांची साधारण खूण एकच, पुढचे कडक पंख एकदम आखूड, बंडीसारखे, आणि मागे पोटाची पेरं उघडी. इथपर्यंत नुसत्या डोळ्यांनी कळतं, खरी पंचाईत पुढे आहे.

आधी माझ्याकडे ऑनलाइन घेतलेलं स्वस्तातलं भिंग होतं, डबीवर ३० पट लिहिलेलं, प्रत्यक्षात माझ्या या १० पटवाल्यापेक्षा कमीच मोठं दिसायचं आणि प्रत्येक काळ्या कडेला जांभळी-पिवळी झालर दिसायची. आता कॅफियसमध्ये (केल्पखाली सापडणाऱ्या रोव्ह बीटलचा एक गट, त्यात बऱ्याच जाती) रंग बघावाच लागतो हो! कॅफियस ल्युटिपेनिस नावातच सांगतो की पंख पिवळट, कॅनेसेन्सच्या अंगावर राखाडी बारीक लव, सेमिनिटेन्स काळा. भिंगच खोटा पिवळा रंग दाखवायला लागलं तर ओळखणार कसं? मी तीन-चार महिने चुकीच्या नोंदी केल्या आणि नंतर सगळ्या परत तपासल्या, फार वाईट वाटलं. ट्रिपलेटमध्ये तीन काचा एकत्र चिकटवलेल्या असतात त्यामुळे ही झालर जवळपास जाते आणि कडेपर्यंत चित्र स्वच्छ राहतं. तीस डॉलरच्या आसपास गेले, पण पहिल्याच दिवशी फरक कळला.

वापरायची पद्धत महत्त्वाची. भिंग डोळ्याला अगदी चिकटवायचं आणि किडा भिंगाजवळ आणायचा, अडीच सेंटीमीटरवर फोकस बसतो, उलटं केलं तर काही दिसत नाही. कॅफियस केल्प उचलल्या उचलल्या पळतात, उन्हात काही तर सरळ उडून जातात, म्हणून मी काचेच्या बारीक ट्यूबमध्ये घेऊन पाच मिनिटं आइसबॉक्समध्ये ठेवते, गार झाले की शांत बसतात, बघायचं, फोटो काढायचा आणि त्याच केल्पखाली परत सोडायचं. स्टेट पार्कच्या बीचवरून परमिटशिवाय नेता येत नाहीत आणि मला मारायचे पण नाहीत, म्हणून तर मला भिंगावर इतकं अवलंबून राहावं लागतं.

काय काय दिसतं? मिशा कुठून निघतात हे सगळ्यात आधी बघा, डोक्याच्या पुढच्या कडेला की दोन डोळ्यांच्या मध्ये, कारण डोळ्यांमध्ये असतील तर तो अलिओकॅरिनी गटातला आणि मग कॅफियस नाहीच. मग छातीवरची ढाल, तिच्यावर बारीक खड्ड्यांच्या ओळी आहेत का, किती खड्डे. मग पुढचे पाय, काटेरी आणि मजबूत असतील आणि किडा ओल्या वाळूत बिळं करत असेल तर ब्लेडियस हा आणखी एक गट, आणि ब्लेडियसच्या काही जातींत नराच्या ढालीवर पुढे आलेलं शिंग असतं, ते १० पटीत बघणं म्हणजे दिवस सार्थकी लागतो खरंच.

जिथे कमी पडतं ते पण लिहिते. अलिओकॅरिनीतले पोंटोमॅलोटासारखे किडे दोन-चार मिलिमीटरचे, त्यांच्यात पुढच्या, मधल्या, मागच्या पावलांची पेरं मोजावी लागतात, कोणाची ४-४-५, कोणाची ४-५-५, हे १० पटीत जिवंत किड्यावर मोजणं मला एकदाही जमलेलं नाही, आणि खरी खात्री करायला तोंडाचे भाग नाहीतर नराचा जननभाग काढून मायक्रोस्कोपखालीच बघावा लागतो. २० पटवालं घेऊ का असं वाटेल, पण त्यात अंतर सव्वा सेंटीमीटर, डोक्याचीच सावली पडते आणि किडा एक पाऊल चालला की गायब. मी मैत्रिणीचं वापरून बघितलं, घेतलं नाही.

दुसरी तक्रार बिजागरीची. वाळू अडकते, आणि खारट हवेने स्क्रूला दोन महिन्यांत गंज धरला. आता घरी आल्यावर गोड्या पाण्यात धुऊन पुसून ठेवते, तेव्हापासून ठीक आहे. काचेवर वाळू असताना पुसू नका, आधी फुंकणी मारा, नाहीतर ओरखडे पडतील.

रात्री थिनोपिनस पिक्टस बघायला जाणार असाल तर, हा पण रोव्ह बीटलच, दीड-दोन सेंटीमीटरचा, फिकट अंगावर काळी नक्षी, मागचे पंखच नाहीत, दिवसा वाळूत पुरलेला आणि रात्री सँडहॉपर (वाळूत उड्या मारणारे बारीक कवचवाले जीव) पकडायला वर येतो, त्याच्यासाठी एलईडीवालं भिंग लागत नाही, हेडलॅम्प आणि हेच भिंग पुरतं. फक्त दोरी लावून गळ्यात घाला, अंधारात वाळूत पडलं तर सापडायचं नाही.