‘एक्स-कॉप्स’ : पुन्हा पुन्हा पाहिल्यावर

‘द एक्स-फाइल्स’ या अमेरिकी मालिकेचा हा भाग पहिल्यांदा बघताना कल्पनाच इतकी भन्नाट वाटते की बाकी काही दिसत नाही. गेले काही महिने तो अधूनमधून लावतोय, कधी पूर्ण, कधी नुसते आवडीचे प्रसंग. आता वाटतं, खरी करामत कल्पनेत कमी आणि ती शेवटपर्यंत निभावण्यात जास्त आहे.

सातवा सीझन, 20 फेब्रुवारी 2000. लेखक विन्स गिलिगन, पुढे ‘ब्रेकिंग बॅड’ करणारा तोच. फॉक्स वाहिनीवर 1989 पासून ‘कॉप्स’ नावाचा, पोलिसांच्या मागे कॅमेरा घेऊन फिरणारा कार्यक्रम चालू होता. हा अख्खा भाग त्याच थाटात आहे. लॉस एंजेलिसची रात्र, फिल्मऐवजी व्हिडिओ, हलता कॅमेरा, धूसर केलेले चेहरे, शिव्यांवर ‘बीप’. आणि अशा चित्रणात मध्येच मल्डर-स्कली, म्हणजे अजब प्रकरणांचा छडा लावणारे मालिकेतले दोन एफबीआय एजंट, येऊन टपकतात.

मल्डर खूश, कारण सगळ्या देशाला आता अलौकिकाचा पुरावा दिसणार. स्कलीला मात्र तो कॅमेरा डोळ्यासमोर नको असतो. स्कली झालेल्या जिलियन अँडरसनचा तो आवळून धरलेला वैताग दर वेळी हसवतो, संवादांपेक्षाही जास्त.

ते दोघे ज्याच्या मागावर आहेत त्या राक्षसावरून मात्र प्रेक्षकांत दोन तट पडतात. ज्याला ज्याची भीती, त्याला तो तसा दिसतो. एका साक्षीदाराच्या वर्णनावरून पोलिसांचा चित्रकार चक्क भयपटांतला खुनी फ्रेडी क्रूगर काढून ठेवतो! आपल्याला पडद्यावर काहीच दिसत नाही, म्हणून काहींना हे फसवल्यासारखं वाटतं. मला नाही पटत. दाखवायचा म्हटला तर कोणाचा दाखवणार? भीती त्या माणसाची, कॅमेऱ्याला तो दिसेलच कसा? इथे राक्षस दाखवला असता तर सगळा डाव फुकट गेला असता.

शवागारातला प्रसंग तर प्रत्येक वेळी अंगावर येतो. तिथली सहायक हंटाव्हायरस या जीवघेण्या विषाणूची धास्ती बोलून दाखवते आणि बघता बघता मरते. हसता हसता घशात आवंढा अडकतो तो इथेच.

सगळंच टिकलंय असं नाही. स्टीव्ह आणि एडी या जोडप्याचं रडणं-भांडणं पहिल्यांदा चालून गेलं, आता ठोकळेबाज वाटतं. समलिंगी जोडपं म्हणजे आरडाओरडा, हा विनोद शिळा झालाय. मधली धावाधावही थोडी लांबते. तिथे मी सरळ पुढे ढकलतो.

मालिका नवीन असेल तर सुरुवात इथून करू नका. आधी दोन-चार गंभीर भाग बघा, स्कली एरवी किती शांत असते ते कळू द्या. त्याशिवाय तिचा तो वैताग निम्माच पोचेल.