पोर्तुगाल सहलीसाठी घेतलेला कौटुंबिक प्रवास विमा : एक परीक्षण

यंदा मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही गोव्यातील फोंड्याहून पोर्तुगाल आणि स्पेनला जाऊन आलो. आम्ही दोघे, दोन शाळकरी मुले आणि अडुसष्ट वर्षांची माझी आई, असे पाच जण होतो. या सहलीसाठी घेतलेल्या प्रवास विम्याविषयी हे लिहीत आहे. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातील अनेक देशांत चालणाऱ्या सामाईक व्हिसासाठी, किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण असलेला विमा सक्तीचा आहे. त्यात तातडीचे उपचार, रुग्णालयातील खर्च आणि आजारपणात किंवा मृत्यूनंतर मायदेशी आणण्याचा खर्च यांचा समावेश असावा लागतो आणि तो शेंगेन क्षेत्रातील सर्व देशांत लागू असावा लागतो. एवढी अट पूर्ण करणारे प्रमाणपत्र हाती आले की व्हिसाचे काम भागते, आणि बहुतेक घरांत विम्याचा विचारही तेथेच संपतो. माझ्या मते तो तेथून सुरू व्हायला हवा, आणि तोही घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीपासून.

आमच्यासमोर तीन पर्याय होते. पहिला, टूर एजंटने पॅकेजमध्येच धरलेली पॉलिसी. दुसरा, विमान कंपनीच्या संकेतस्थळावर तिकीट काढताना एका चौकटीत खूण केली की जोडला जाणारा विमा. रेल्वेच्या ई-तिकिटासोबत ४५ पैशांत मिळणाऱ्या विम्याने आपल्याला अशी खूण करायची सवयच लावली आहे; परंतु तेथे जोखीम रेल्वे अपघातापुरती मर्यादित असते, परदेशातील आजारपणाची गोष्ट वेगळी आहे. तिसरा पर्याय म्हणजे विमा कंपनीकडून थेट घेतलेली, एक लाख डॉलर विमा रकमेची पॉलिसी. एजंटच्या पॉलिसीची विमा रक्कम पन्नास हजार डॉलर होती आणि तिचे ‘वर्डिंग’, म्हणजे अटींचा संपूर्ण मजकूर, दोनदा मागूनही मिळाला नाही. मिळाले ते एका पानाचे रंगीत पत्रक. विमान कंपनीच्या विम्यात विलंब आणि सामान यांवर भर होता आणि वैद्यकीय भाग तोकडा वाटला. आम्ही तिसरा पर्याय घेतला. पाच जणांचे मिळून प्रीमियम विमानाच्या तिकिटांच्या तीन टक्क्यांच्या आसपास पडले. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण याच साच्याच्या पॉलिसी अनेक कंपन्या विकतात आणि अटी पाहूनच निवड करावी लागते.

आता आईविषयी. ‘फॅमिली’ असे ठळक अक्षरांत लिहिलेल्या पॉलिसीत पती, पत्नी आणि दोन मुले एवढीच माणसे बसतात, हे आपल्याकडील एकत्र राहणाऱ्या घरांच्या सहसा ध्यानात येत नाही. आईवडिलांना काही पॉलिसींत जागाच नसते आणि काहींत ती साठ वर्षांपर्यंतच असते. त्यामुळे आईची पॉलिसी स्वतंत्र निघाली आणि तिचे एकटीचे प्रीमियम आम्हा दोघांच्या मिळून प्रीमियमपेक्षा जास्त होते. याबद्दल तक्रार नाही, कारण वयाप्रमाणे जोखीम वाढते. तक्रार आहे ती सब-लिमिटबद्दल. पॉलिसीच्या पहिल्या पानावर एक लाख डॉलर असे लिहिलेले असले, तरी आतल्या तक्त्यात साठ वर्षांवरील व्यक्तीसाठी रुग्णालयाच्या खोलीचे दररोजचे भाडे, अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रिया, भूलतज्ज्ञ आणि तपासण्या या प्रत्येकासाठी वेगळी कमाल रक्कम ठरवून दिलेली होती. शस्त्रक्रियेचा खर्च त्या मर्यादेपलीकडे गेला, तर लाख डॉलरपैकी बरीच रक्कम शिल्लक असूनही वरचा खर्च आपल्यालाच करावा लागतो. तक्ता उघडून बसलो, तेव्हा पत्नीने पेन्सिलीने प्रत्येक मर्यादेपुढे रुपयांतील रक्कम मांडली. ती बेरीज पाहिल्यावर मोठ्या आकड्याचे अप्रूप बरेच कमी झाले.

दुसरा मुद्दा आधीपासूनच्या आजारांचा. आईला रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही आहेत आणि गोळ्यांनी दोन्ही आटोक्यात आहेत. अर्जात हे लिहायचे की नाही, यावर एजंटचे उत्तर ‘कशाला लिहिता, उगाच अडचण’ असे होते. हा सल्ला कोणीही मानू नये; क्लेमच्या वेळी कंपनी डॉक्टरांचे जुने कागद मागते, आणि न सांगितलेला आजार हे क्लेम नाकारण्याचे सर्वांत सोपे कारण ठरते. आमच्या पॉलिसीत असे आजार जाहीर केल्यावर ते केवळ जीवावर बेतणाऱ्या तातडीच्या प्रसंगापुरते आणि तेही ठरावीक रकमेपर्यंत धरले होते. म्हणजे साखर वाढली म्हणून डॉक्टरांना दाखवले, तर तो खर्च आपला. गोळ्या पुरेशा बरोबर न्याव्यात आणि औषधांच्या मूळ नावांसह डॉक्टरांची चिठ्ठी ठेवावी, याला विम्यात पर्याय नाही.

गोव्यातून निघणाऱ्यांसाठी एक कलम फार महत्त्वाचे आहे आणि त्याची चर्चा जवळजवळ होत नाही. मोपा असो वा दाबोळी, युरोपला जाताना आपल्याला बहुधा मुंबई, दिल्ली किंवा आखातातील एखाद्या विमानतळावर विमान बदलावे लागते. मी पाहिलेल्या पॉलिसींपैकी दोहोंत संरक्षण सुरू होण्याचा क्षण भारतातील इमिग्रेशन ओलांडण्याचा होता. मोपाहून सुटणारे विमान धुक्याने किंवा पावसाने रखडले आणि मुंबईहून सुटणारे पुढचे विमान चुकले, तर त्या दोन्ही पॉलिसींच्या दृष्टीने प्रवास सुरूच झालेला नसतो. संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असेल, तर पुढची सोय करण्याची जबाबदारी विमान कंपनीवर येते. परंतु स्वस्त पडते म्हणून गोवा ते मुंबई तिकीट वेगळे काढणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांना दोन्हीकडून हात हलवत परतावे लागते. आम्ही घेतलेल्या पॉलिसीत प्रवासाचा आरंभ राहत्या शहरापासून धरला होता, आणि ती निवडण्याचे ते एक मोठे कारण होते.

व्याप्तीचेही असेच. शेंगेन क्षेत्रात आता २९ देश आहेत, पण ब्रिटन आणि आयर्लंड त्यांत नाहीत. गोव्यातील किती घरांचे कोणी ना कोणी ब्रिटनमधील स्विंडनला आहे, हे सांगायला नको. लिस्बनपर्यंत गेलोच आहोत, तर दोन दिवस तिकडेही जाऊन येऊ, असा बेत सहज होतो. केवळ शेंगेनपुरती पॉलिसी असेल, तर त्या दोन दिवसांत विमा शून्य असतो, आणि ब्रिटनमध्ये अल्पकाळ आलेल्या परदेशी पाहुण्याला सरकारी रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर बिल राष्ट्रीय दराच्या १५० टक्के दराने आकारले जाऊ शकते. याच्याच जोडीला एक गैरसमज आपल्याकडे घट्ट रुजलेला आहे : पोर्तुगीज पासपोर्ट हाती असला की युरोपात उपचार फुकट. युरोपीय आरोग्य कार्ड पासपोर्टवर मिळत नाही, तेथील एखाद्या देशाच्या सामाजिक सुरक्षा व्यवस्थेत विमित असलेल्यांना मिळते. गोव्यात राहणाऱ्या पोर्तुगीज पासपोर्टधारकाला व्हिसा लागत नाही, म्हणून तो विमाही घेत नाही, आणि खरा धोका त्यालाच अधिक असतो.

सेवेची परीक्षा लिस्बनमध्ये झाली. तेथील पदपथ लहान चुनखडी दगडांचे, वर्षानुवर्षे पावलांनी घासून गुळगुळीत झालेले, आणि उतारावर तर चांगलेच निसरडे असतात. अल्फामाच्या उतारावर आईचा पाय सरकला आणि ती डाव्या हातावर पडली. मनगट सुजले. हेल्पलाइनचा क्रमांक पॉलिसीच्या पहिल्याच पानावर होता आणि फोन लगेच उचलला गेला, हे कंपनीच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पलीकडच्या व्यक्तीने शांतपणे पॉलिसी क्रमांक, पासपोर्टची प्रत आणि ठिकाण विचारले, जवळच्या दोन खासगी दवाखान्यांची नावे पाठवली आणि लगेच स्पष्टही केले की दाखल न होता घेतलेल्या उपचारांसाठी कॅशलेस सोय नाही. आधी आपण भरायचे आणि परतल्यावर मागायचे. एक्स-रेमध्ये हाड शाबूत निघाले. पट्टी, गोळ्या आणि तपासणी मिळून बिल दोनशे युरोंच्या आत आले.

क्लेमचा भाग मात्र कंटाळवाणा होता. प्रत्येक घटनेमागे शंभर डॉलरचे डिडक्टिबल, म्हणजे आपणच सोसायची रक्कम, असल्याने निम्म्याच्या आसपास रक्कम मिळणार, हे आधीच ठाऊक होते, आणि त्यावर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो कागदांवर. बिल, पैसे भरल्याची पावती, डॉक्टरांचा अहवाल, बोर्डिंग पास, पासपोर्टच्या सर्व पानांच्या प्रती आणि रद्द केलेला धनादेश एवढे सर्व एकदम पाठवले असता प्रत्येक ई-मेलमध्ये वेगळी त्रुटी काढली गेली, आणि बोर्डिंग पास तर दोनदा मागण्यात आला. अहवाल पोर्तुगीजमध्ये असल्यामुळे इंग्रजी अनुवादाची मागणी झाली. दुसऱ्या एखाद्या राज्यात ही खरी अडचण ठरली असती. पणजीत पोर्तुगीज जाणणारे निवृत्त शिक्षक सहज सापडतात, आणि आमचे काम एका संध्याकाळी, चहाच्या कपासोबत झाले. पैसे अखेर खात्यात जमा झाले, कापाकापी झाली नाही, परंतु कागदांची संपूर्ण यादी पहिल्याच ई-मेलमध्ये देणे कोणत्याही कंपनीला अशक्य नसावे.

सहल रद्द होण्याच्या कलमाविषयी थोडे. त्यात मान्य कारणांची बंद यादी असते आणि ‘जवळचे कुटुंबीय’ म्हणजे जोडीदार, मुले, आईवडील, फार तर सख्खी भावंडे. चुलत घरात कोणी गेले आणि सुतकामुळे निघणे शक्य झाले नाही, तर आपल्या दृष्टीने ते पूर्ण न्याय्य कारण असते. पॉलिसीच्या दृष्टीने ती आपली इच्छा. व्हिसा नाकारला गेला, तर सहलीचे बुडालेले पैसे यातून मिळत नाहीत. पॉलिसी सुरू होण्यापूर्वी कळवले, तर प्रीमियम थोडी रक्कम कापून परत मिळते. सामानाबाबत एवढेच की सोने आणि रोकड सहसा धरलेली नसते, आणि बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्यापूर्वी विमान कंपनीकडून लेखी तक्रारीची प्रत घेतल्याशिवाय क्लेम उभा राहत नाही. थायलंड किंवा बालीला जाऊन गोव्यातल्यासारखी भाड्याची स्कूटर घेणाऱ्यांनी परवान्याचे आणि मद्यपानाचे कलम आधी वाचावे. दुचाकीसाठी वैध असा आंतरराष्ट्रीय परवाना नसेल, तर अपघाताचा खर्च कंपनी उचलणार नाही, हे जवळपास धरून चालावे.

कंपनीने क्लेम नाकारला किंवा तक्रारीला महिनाभरात उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येते. त्यासाठी शुल्क लागत नाही आणि वकिलाचीही गरज नसते. आमच्यावर ती वेळ आली नाही.

एकंदरीत, आम्हा चौघांपुरती ही पॉलिसी मला समाधानकारक वाटली : आरंभाची व्याख्या गोव्याच्या प्रवाशाला सोयीची, हेल्पलाइन चांगली, क्लेम विभाग सुस्त. आईच्या पॉलिसीला मी तेवढे गुण देणार नाही. पुढच्या खेपेस तिच्यासाठी सब-लिमिट नसलेली पॉलिसी घेणार आहोत. वयाच्या या टप्प्यावर अशी पॉलिसी देणाऱ्या कंपन्या थोड्या आहेत आणि प्रीमियम बरेच जास्त पडते. तो फरक आम्ही मुक्कामाच्या हॉटेलातून वाचवायचा, असे पत्नीने आताच ठरवून टाकले आहे.