खव्यासाठी कोणती तपासणी: नुसती पट्टी की आधी चुंबक?

खानापूर, बेळगाव, निपाणीकडचे खवा-कुंदावाले हल्ली साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूची तपासणी स्वतःच करायचं मनावर घेत आहेत. रीतसर कल्चरचा, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीचा, निकाल यायला चार-पाच दिवस लागतात, तोवर कुंदा खाऊन संपलेला असतो. शिवाय खवा कितीही आटवला तरी जंतू नंतर शिरतो, हातावाटे नाहीतर ट्रे पुसायच्या फडक्यावाटे. झटपट मार्ग दोन: सोन्याच्या नॅनोकणांची (अतिसूक्ष्म कणांची) पट्टी, किंवा आधी चुंबकी नॅनोकणांनी जंतू वेचून मग पट्टी. मी दोन्ही वापरले आहेत.

रात्र मात्र दोन्हीकडे जाते. 25 ग्रॅममध्ये एकही साल्मोनेला चालत नाही, आणि पट्टीवर रेघ उमटायला एका मिलिलिटरमध्ये दहा हजार ते दहा लाख जंतू लागतात. म्हणून 25 ग्रॅम खवा 225 मिली पेप्टोन वॉटरमध्ये (जंतू वाढवायच्या द्रावणात) घालून 37 अंशांवर रात्रभर ठेवावाच लागतो. ही ऊब धरणाऱ्या पेटीला, इन्क्युबेटरला, वीज गेली तर इन्व्हर्टर हवाच.

पट्टी स्वस्त आणि सोपी. प्रतिपिंडं (ठरावीक जंतूलाच चिकटणारी प्रथिनं) लावलेले सोन्याचे कण जंतूला धरतात आणि पंधरा मिनिटांत लाल रेघ येते. नवा पोरगाही लगेच शिकतो.

मला नडलं ते तूप. म्हशीच्या दुधाचा खवा दहापट पातळ केला तरी वर तवंग येतो. पट्टीवर थेंब टाकला की पाणी अर्ध्यात अडतं, पट्टी नीट चालली हे सांगणारी कंट्रोलची रेघही धड उमटत नाही, आणि ती तपासणी बाद. पुन्हा केली तरी तीच गत. गाळून पाहिलं, गाळणीच तुंबली. सेंट्रिफ्यूजने तूप वेगळं होतं, पण काही जंतू तुपाबरोबर वर जातात. माल खोळंबलेला आणि हातात ना हो, ना नाही. याचा मला फार वैताग आला.

चुंबकी पद्धतीत लोहाच्या ऑक्साइडचे कण नमुन्यात अर्धा तास फिरवायचे आणि नळीला चुंबक लावायचं. जंतूंसकट कण बाजूला तपकिरी ठिपक्यासारखे चिकटतात, तूप-पाणी ओतून द्यायचं, धुऊन थोड्या द्रावणात घ्यायचे. एका मिलिलिटरचं शंभर मायक्रोलिटर झालं की जंतू दहापट दाट होतात, आणि पट्टी स्वच्छ चालते. खर्च जास्त आहे, हात बसायला वेळ लागतो. कण जितके बारीक तितके ते चुंबकाकडे सावकाश येतात; घाईने ओतलं तर जंतूही गेले. कण फ्रिजमध्ये ठेवा, गोठू देऊ नका.

तुमचं काम ताकाचं किंवा भांडी-ट्रे पुसून तपासण्याचं असेल तर नुसती पट्टी पुरावी. खव्या-कुंद्याला, माझ्या अनुभवापुरतं बोलतो, चुंबकाचा खर्च वसूल होतो. रेघ आली तर माल अडवून ठेवा आणि कल्चरने खात्री करून घ्या. रात्रभर वाढवलेली बाटली भट्टीच्या खोलीत कधीच उघडू नका. तपासणीला वेगळी खोली हवी, आणि टाकण्याआधी ती बाटली ऑटोक्लेव्हमधून (दाबाच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रातून) काढा.